वैद्यकीय प्रवेशाचे पर्याय भरण्यापूर्वी: मराठवाड्यातील कुटुंबासाठी खर्चाचा हिशेब

नीटचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘चांगले महाविद्यालय कोणते’ हा. ज्या घराचा वर्षभराचा आधार सोयाबीन आणि तुरीच्या भावावर आहे, त्या घराने मात्र आधी वेगळा प्रश्न विचारावा: आपल्याला मिळणारी जागा कोणत्या प्रकारची आहे? आपल्याकडे महाविद्यालय स्वतःच्या तिजोरीतून शुल्कात सूट देते असे क्वचितच घडते. सूट शासन देते, आणि ती जागेचा प्रकार, विद्यार्थ्याचा प्रवर्ग, कुटुंबाचे उत्पन्न आणि हातातील कागदपत्रे या चार गोष्टींवर ठरते. त्यामुळे एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते आणि दुसऱ्याच्या वडिलांनी जमीन विकलेली असते, असे चित्र दिसू शकते.

जागांचे प्रकार आधी समजून घ्यावेत. सर्वांत स्वस्त शिक्षण केंद्रीय संस्थांत मिळते. नागपूरच्या एम्सचे वार्षिक शिक्षण शुल्क काही हजारांच्या आत असते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षणाचा खर्च सरकार करते, मात्र त्या बदल्यात सैन्याच्या वैद्यकीय सेवेत रुजू होण्याचे बंधन स्वीकारावे लागते. त्यानंतर राज्याची शासकीय महाविद्यालये येतात. तेथे खुल्या प्रवर्गाचे शिक्षण शुल्क वर्षाला एक ते दीड लाखाच्या आसपास जाते. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते आणि ते महाविद्यालयागणिक कित्येक लाखांनी बदलते. खाजगी अभिमत विद्यापीठांत, म्हणजे स्वतःची पदवी देण्याचा विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांत, वर्षाचा आकडा वीस लाखांच्या पुढेही जातो.

शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष भरतो. उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, तसेच एम्स व सर्व अभिमत विद्यापीठे यांचे प्रवेश दिल्लीतील वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत होतात. या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि एकीकडे अर्ज केल्याने दुसरीकडचा आपोआप होत नाही. ही साधी बाब न कळल्याने हातची संधी घालवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

मराठवाड्याच्या संदर्भात एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. २०२० पर्यंत राज्याच्या कोट्यातील ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी राखीव असत. मराठवाड्यात महाविद्यालये मोजकीच असल्याने येथील विद्यार्थ्याला अधिक गुण असूनही मुंबई-पुण्याची जागा मिळणे अवघड होते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ही ७०:३० पद्धत रद्द केली. तेव्हापासून लातूर किंवा बीडच्या विद्यार्थ्याला राज्यातील प्रत्येक शासकीय महाविद्यालय सारखेच खुले आहे. अर्थात उर्वरित महाराष्ट्रातील विद्यार्थीही आता आपल्या भागातील जागांवर तितक्याच हक्काने दावा सांगतात, याची जाणीव पर्याय भरताना ठेवावी.

आपल्या भागातील शासकीय पर्याय आता पूर्वीइतके तोकडे नाहीत. छत्रपती संभाजीनगरचे महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ पासूनचे आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख संस्था या जुन्या आणि रुग्णसंख्येने भरलेल्या संस्था आहेत. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, हिंगोली आणि जालना येथेही शासकीय महाविद्यालये सुरू झाली. नव्या महाविद्यालयांत प्रवेश सहसा थोड्या कमी गुणांवर थांबतो आणि शिक्षण शुल्क जुन्यांच्या बरोबरीचेच असते. मात्र वसतिगृह बांधून झाले आहे का, झाले नसेल तर विद्यार्थी कोठे राहतात आणि अध्यापकांची किती पदे भरलेली आहेत, हे तेथे समक्ष जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. संकेतस्थळावरील छायाचित्रांवर विसंबू नये. माझे वैयक्तिक मत असे की, गुण दोन्हीकडे पुरत असतील तर भरपूर रुग्ण असलेले जुने शासकीय रुग्णालय निवडावे, कारण वैद्यक रुग्णाच्या खाटेशेजारीच शिकता येते. अंबाजोगाईसारख्या गावात राहण्या-जेवण्याचा खर्चही मोठ्या शहराच्या तुलनेने कमी येतो.

या राहण्या-जेवण्याच्या खर्चाकडे पालकांचे हमखास दुर्लक्ष होते. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप), म्हणजे एकूण ६६ महिने. खोली आणि मेस मिळून महिन्याला साडेसात हजार रुपये धरले, तरी ही रक्कम पाच लाखांच्या घरात जाते. शिवाय पुस्तके, परीक्षा शुल्क, अनामत रक्कम आणि सणासुदीचे येणे-जाणे असते. म्हणून प्रत्येक पर्यायासमोर एका वर्षाचे शुल्क न लिहिता पूर्ण मुदतीचा आकडा लिहावा, त्यातून खात्रीने मिळणारी सवलत वजा करावी आणि उरलेली रक्कम घरातून, कर्जातून की उसनवारीने उभी राहणार, हे स्वच्छ मांडावे. आंतरवासितेच्या वर्षी मानधन मिळते. खाजगी महाविद्यालयात ते प्रत्यक्षात किती हातात पडते, हे तेथील आंतरवासितांनाच विचारावे.

सवलतींमध्ये सर्वांत मोठा बदल जुलै २०२४ मध्ये झाला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क आता पूर्ण माफ आहे. ही माफी खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयातही लागू होते, परंतु प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन किंवा संस्था कोट्यातील जागेला आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. याचा व्यवहारातील अर्थ समजून घ्यावा. लातूरमधील एमआयएमएसआर हे खाजगी विनाअनुदानित महाविद्यालय आहे, तर छत्रपती संभाजीनगरचे एमजीएम हे अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. गेवराई तालुक्यातील एखाद्या पात्र मुलीला पहिल्या ठिकाणी केंद्रीभूत प्रक्रियेतून जागा मिळाली, तर शिक्षण शुल्काचे ओझे उतरते, मात्र विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस यांची तजवीज करावीच लागते. दुसऱ्या ठिकाणी ही माफी मिळणार नाही. पालकांना मात्र दोन्ही ‘खाजगी’ म्हणून सारखीच वाटतात.

मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तीत ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, आणि उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शुल्क प्रतिपूर्तीची स्वतंत्र योजना पाहावी. राहण्या-जेवणासाठीही योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, तर अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शुल्काच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर करतात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. ती बऱ्याचदा उशिरा येते, त्यामुळे पहिल्या वर्षी काही रक्कम पदरमोड करून भरावी लागेल असे गृहीत धरावे.

कागदपत्रांची तयारी निकालानंतर सुरू केली तर उशीर झाला असे समजावे. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेअर आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला ही कागदपत्रे बारावीच्या दिवाळीतच हाती घ्यावीत. नॉन-क्रीमी लेअरच्या दाखल्यावरील मुदत वाचावी. ती ३१ मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर असतात. निजामकालीन नोंदींच्या आधारे कुणबी दाखला काढलेल्या कुटुंबांनी वैधता समितीकडील अर्ज अजिबात लांबवू नये, कारण दाखला मिळणे आणि तो वैध ठरणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

राज्याच्या आणि देशाच्या प्रक्रियेतील प्रवर्ग सारखे नसतात, हेही लक्षात घ्यावे. मराठा समाजासाठी राज्यात २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातून १० टक्के आरक्षण आहे, पण अखिल भारतीय कोट्यात हा प्रवर्गच अस्तित्वात नाही. तेथे आर्थिक दुर्बल घटकाचा केंद्रीय नमुन्यातील दाखला उपयोगी पडू शकतो. त्याला ८ लाखांच्या उत्पन्नासोबत शेतजमिनीचीही अट आहे: ५ एकर किंवा त्याहून अधिक जमीन असेल तर दाखला मिळत नाही. आष्टी किंवा परंड्याच्या सहा एकर कोरडवाहू शेतकऱ्याला हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि मला त्याचे म्हणणे पटते, पण नियम असा आहे आणि त्याप्रमाणेच पर्याय आखावे लागतात.

पर्याय भरताना शुल्क परवडणार नाही असे महाविद्यालय यादीत ‘असू द्या’ म्हणून कधीही लिहू नये. फेरी पुढे सरकते तसे प्रवेश सोडण्याचे नियम कडक होत जातात, आणि अभिमत विद्यापीठांच्या नोंदणीसाठी दोन लाख रुपयांची अनामत अडकते. वरचा पर्याय मिळाला की खालची मिळालेली जागा हातून जाते, म्हणून क्रम लावताना खर्च आणि पसंती एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवावी.

कर्ज घ्यावे लागलेच तर साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज बँका सहसा तारणाशिवाय देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे, मात्र ती ठरावीक संस्थांपुरती आहे, म्हणून आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का हे आधी तपासावे. इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परताव्याची वेगळी योजना आहे. सावकाराकडे किंवा सातबारा घेऊन पतसंस्थेकडे जाण्यापूर्वी हे दोन्ही दरवाजे ठोठावावेत.

शासकीय महाविद्यालयाच्या स्वस्त शिक्षणासोबत एक वर्षाच्या सक्तीच्या शासकीय सेवेचा बंध येतो, आणि तो मोडल्यास १० लाखांचा दंड आहे. त्या वर्षी वेतन मिळते, त्यामुळे याला तोटा मानण्याचे कारण मला दिसत नाही. पदव्युत्तर प्रवेशाचे वेळापत्रक आखताना मात्र हे वर्ष मोजावे.

एमबीबीएससाठी गुण कमी पडत असतील तर कर्ज काढून परदेशाचा रस्ता धरण्यापूर्वी शेजारचे पर्याय पाहावेत. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, नांदेड आणि धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत, तर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात. पुन्हा एक वर्ष लातूरला राहून तयारी करायची असेल, तर त्या वर्षाचे शिकवणी शुल्क, खोली आणि डबा यांचा खर्चही वरच्याच हिशेबात लिहावा.

प्रवेश झाल्यावर शिष्यवृत्तीचे काम संपले असे समजून अनेक विद्यार्थी दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायचे विसरतात, आणि मग महाविद्यालय पूर्ण शुल्काची मागणी करते. दरवर्षी अर्ज, नवा उत्पन्न दाखला आणि मागील वर्षाची गुणपत्रिका लागते. म्हणून दाखल्यांच्या मूळ प्रती गावी कपाटात ठेवाव्यात आणि स्कॅन केलेल्या प्रती विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये असाव्यात.