इम्युनोथेरपी सुरू होण्यापूर्वी रुग्णाने आणि घरच्यांनी काय समजून घ्यावे

डॉक्टरांनी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारा उपचार, सुचवली की ती नेमकी कोणती, हे आधी विचारून घ्यावे, कारण या एका नावाखाली बरेच वेगवेगळे उपचार येतात. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी कार-टी पेशींचा उपचार असतो; त्यात रुग्णाच्या प्रतिकारक पेशी बाहेर काढून, कर्करोग ओळखतील अशा बदलून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या त्याच्या भारतीय रूपाला 2023 मध्ये मंजुरी मिळाली. फुप्फुस, मूत्रपिंड किंवा तोंड-घशाच्या कर्करोगात मात्र बहुधा निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी औषधे सलाईनवाटे देतात. पुढील माहिती त्यांच्याविषयी आहे.

ही औषधे किमोप्रमाणे कर्करोगाच्या पेशींवर थेट हल्ला करत नाहीत. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रतिकारक पेशींवर, पीडी-1 नावाचा लगाम असतो आणि कर्करोग तो ओढून त्यांना थोपवतो. औषध हा लगाम सोडवते. सर्वांनाच याचा लाभ होत नाही, म्हणून बायोप्सीच्या नमुन्यावर पीडी-एल1 (हा लगाम ओढणारे प्रथिन) किंवा एमएसआय (पेशीतील डीएनए दुरुस्तीचा बिघाड दाखवणारी खूण) यांची तपासणी झाली आहे का आणि तिच्यावरून डॉक्टर काय अपेक्षा ठेवतात, हे स्पष्ट विचारावे.

खर्चाबद्दल विचारण्यात संकोच मुळीच नको. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात, नेहमीच्या 240 ऐवजी केवळ 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीला दिल्यास, फक्त ती तोंडावाटेची औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत, वर्षभरानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेल्याचे टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दिसले. हा निष्कर्ष प्रत्येक कर्करोगाला लागू होत नाही, तरी आपल्या बाबतीत तसा पर्याय आहे का, हे जरूर विचारावे.

सर्वांत जास्त जपावे ते दुष्परिणामांना. सुटलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकते. रुग्णाला नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त शौचाला जावे लागले की ‘बाहेरचे खाल्ले असेल’ म्हणून औषधांच्या दुकानातून गोळी आणली जाते. पण ती आतड्याची सूज असेल तर स्टेरॉइडची गरज पडते आणि उशीर जिवावर बेतू शकतो. नवा कोरडा खोकला, धाप, छातीत दुखणे, अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणे किंवा न ओसरणारा थकवा, यांपैकी काहीही दिसले तर कर्करोगतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवावे. उपचार थांबल्यावर काही महिन्यांनीही हे उद्भवू शकते, त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास इम्युनोथेरपी घेतल्याचे आधी सांगावे.

संधिवात, सोरायसिस, पूर्वीचे अवयव प्रत्यारोपण किंवा चालू स्टेरॉइड यांची माहिती पहिल्या डोसपूर्वीच द्यावी. प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून विकले जाणारे काढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, तो क्रमांक रुग्णालयाकडून मागून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.