नवा पत्ता कोणता नियम वाकवतो आणि किती किंमत घेतो

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या माझ्या गावी राहून मी पत्त्यांच्या डिजिटल खेळांची चाचणी करण्याचे काम करतो. अमरावती-यवतमाळला शिकणारी आमच्या भागातली मुले या कामाची सुरुवात कुठून करावी असे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी प्रोग्रामिंग शिकायला सांगत नाही. नवा पत्ता मूळचा कोणता नियम वाकवतो आणि त्याबदल्यात खेळणाऱ्याकडून काय वसूल करतो, हे वहीत लिहून काढायला सांगतो.

मेंढीकोटात हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते, पण ती ताकद तिला खेळाच्या नियमाने दिलेली असते. पत्त्यावर तसे काही छापलेले नसते. 1993 साली आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या छापील पत्त्यांच्या खेळामध्ये मात्र पत्त्यावरचा मजकूर आणि नियमपुस्तक यांत विरोध आला, तर पत्त्याचा शब्द अखेरचा मानला जातो. डिजिटल खेळांनीही हीच वाट धरली.

काही पत्ते नियम उघडपणे मोडतात. ‘हार्थस्टोन’ या डिजिटल खेळामध्ये डेक, म्हणजे खेळाडूने सामन्यासाठी निवडलेला संच, 30 पत्त्यांचा असतो, 2022 मध्ये आलेला ‘प्रिन्स रेनाथल’ हा पत्ता तो 40 चा करतो. असे पत्ते ओळखणे सोपे आहे. कठीण असतात ते नियमाचे नावही न घेता त्याला निकामी करणारे पत्ते, आणि माझ्या मते शिकण्यासारखे खरे तिथेच आहे. याच खेळात डेक संपला की पुढच्या प्रत्येक उचलीला त्या खेळाडूला 1, 2, 3 अशी वाढत जाणारी इजा होते. बचाव करत सामना लांबवणारे खेळाडू याच नियमाच्या भरवशावर जिंकत असत. डिसेंबर 2016 मध्ये ‘जेड आयडल’ हा पत्ता आला, तो खेळायला एकच ‘माना’ (पत्ते खेळण्यासाठी मोजायची शक्ती) लागे. त्यात दोन पर्याय होते: जेड गोलेम नावाचा एक लढवय्या पटावर आणा, किंवा याच पत्त्याच्या 3 प्रती डेकमध्ये मिसळा. इजेचा उल्लेख पत्त्यावर कुठेही नव्हता, तरी डेक संपणेच थांबले, आणि प्रत्येक नवा गोलेम आधीच्यापेक्षा मोठा येत असल्याने सामना लांबवणाराच हरू लागला.

हे पडद्यावर चटकन लक्षात येत नाही, कारण तिथे नियम संगणक पाळतो आणि खेळणाऱ्याला त्यांचा विसर पडतो. म्हणून आमच्याकडे वीज गेली की आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले पत्ते ओसरीवर मांडतो. एकाने फक्त संगणकाचे काम करायचे, म्हणजे माना मोजायचा, हातात 10 पत्ते असताना अकरावा उचलला गेला तर तो जाळायचा, पटावर एका खेळाडूचे 7 मिनियन (लढवय्ये) झाले की आठव्याला अडवायचे. हे काम करायला बसणाऱ्याला तासाभरात जेवढे नियम कळतात, तेवढे महिनाभर मोबाईलवर खेळून कळत नाहीत.

वहीतला किंमतीचा रकाना सर्वांत जपून भरा. एप्रिल 2020 मध्ये ‘मॅजिक’मध्ये ‘कंपॅनियन’ पत्ते आले. डेकने ठरावीक अट पाळली, तर असा एक पत्ता डेकबाहेर ठेवून सामन्यात खेळता येई, म्हणजे सुरुवातीच्या 7 पत्त्यांखेरीज आणखी एक हमखास पत्ता हाताशी राही. अट हीच त्याची किंमत होती. पण अनेक डेक थोड्याशा बदलाने ती पाळू शकत होते, त्यामुळे जूनमध्ये तो पत्ता हातात घेण्यासाठी 3 माना मोजण्याचा नियम सर्वच कंपॅनियनना लावावा लागला. ‘हार्थस्टोन’मधले गेन आणि बाकू हे पत्ते 2018 मध्ये आले, डेकमध्ये केवळ सम किंवा केवळ विषम किमतीचे पत्ते ठेवण्याची अट घालून ते पहिल्या फेरीपासून हिरो पॉवर (दर फेरीला वापरता येणारी खेळाडूची कायमची शक्ती) स्वस्त किंवा अधिक ताकदवान करून देत, आणि दर सामन्यात तेच ते घडू लागल्याने पुढच्याच वर्षी त्यांना फक्त अलीकडचे पत्ते चालणाऱ्या स्टँडर्ड प्रकारातून मुदतीआधी काढण्यात आले. किंमत डेक बांधताना एकदाच घेतली आणि फळ मात्र दर फेरीला मिळाले, की असे होण्याचा धोका मोठा असतो.

चाचणीच्या कामासाठी अर्ज करताना आपण किती खेळ खेळलो याची यादी पाठवू नका. एकच पत्ता निवडा. तो कोणता नियम वाकवतो, हात भरलेला, पट भरलेला आणि डेक रिकामा असताना काय होते, आणि किंमत कमी वाटली तर ती नेमकी कुठे वाढवावी, हे दोन पानांत स्वच्छ मराठीत आधी लिहा आणि मग इंग्रजीत उतरवा.