सीमाभागातल्या गावाचा विकिपीडिया लेख तटस्थ शब्दांत कसा लिहायचा

आपल्या गावाबद्दल विकिपीडियावर लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न येतो आणि ते साहजिकच आहे, १९५६ पासून घराघरात तेच बोललं जातंय. पण तिथं 'अन्यायाने कर्नाटकात डांबलेलं गाव' असं लिहिलं की थोड्या वेळात कुणीतरी ते पुसतो आणि 'कर्नाटकाचा अविभाज्य भाग' घालून जातो, मग आपल्यातला कुणी तेही पुसतो, आणि या सगळ्यात गावाची शाळा, बाजार, देऊळ, नदी याबद्दल धड एक ओळ राहत नाही. मराठी माणसाचं म्हणणं लेखात टिकायचं असेल तर ते अशा शब्दांत लिहायला पाहिजे की कन्नड बोलणारा शेजारी वाचून म्हणेल, पटो न पटो, पण यांचं म्हणणं हेच आहे बघा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात करायच्या आधी तीन गोष्टी मनात वेगळ्या करा. गाव आज कुणाच्या प्रशासनात आहे, गावात लोक काय भाषा बोलतात, आणि गावावर हक्क कोण सांगतं. आपण या तिन्ही एकाच वाक्यात कोंबतो आणि सगळी भांडणं तिथंच लागतात. पहिल्या वाक्यात फक्त पहिली गोष्ट लिहा: 'येळ्ळूर हे कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या बेळगाव तालुक्यातील गाव आहे.' ज्या गावात 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असा फलक होता आणि २०१४ मध्ये तो पाडल्यावर लाठीमार झाला त्या गावाबद्दल असं लिहिताना हात अडखळतो, मला माहीत आहे. पण या वाक्यानं कुणाचाही हक्क जात नाही, प्रशासन कर्नाटकाकडे आहे म्हणूनच तर महाराष्ट्र कोर्टात गेलाय.

मग खाली, वेगळ्या वाक्यात, हक्काची गोष्ट. इथं कोण म्हणतं त्याचं नाव पाहिजेच. 'महाराष्ट्र शासन या गावावर हक्क सांगते, कर्नाटक शासनाला तो मान्य नाही, याबाबत महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे.' बास, एवढंच. हे वाक्य घालायच्या आधी गाव महाराष्ट्रानं मागितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का ते बघून घ्या, नुसतं सीमेजवळ आहे म्हणून घालू नका. आणि एकदा सगळ्यांच्या संमतीनं वाक्य ठरलं की प्रत्येक गावाच्या लेखात तेच वापरा. इंग्रजी विकिपीडियावर वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतींच्या लेखांत हेच केलंय, आंतरराष्ट्रीय समुदाय या वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार बेकायदा मानतो पण इस्रायल सरकारला हे मान्य नाही, अशा अर्थाचं एक वाक्य चर्चेनं ठरवलं आणि तेच सगळीकडं ठेवलं, म्हणजे दर वसाहतीच्या लेखात नवीन वाद नको. आपल्याकडं तर हा वाद त्यापेक्षा कितीतरी शांत आहे, आपल्याला जमायला काय हरकत आहे.

इतिहासाच्या भागात कॉपी-पेस्ट करू नका. 'हे गाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते' हे बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारला लागू पडतं, पण तेच वाक्य भालकी किंवा बसवकल्याणच्या लेखात चिकटवलं तर सपशेल चूक, कारण बिदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. बेळगाव शहरातलंच शहापूर घ्या, ते १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका सोडून, आणि कर्नाटक हे नाव १९७३ ला आलं, त्यामुळं '१९५६ साली कर्नाटकात गेले' असं न लिहिता 'तेव्हाच्या म्हैसूर राज्यात (आताचे कर्नाटक)' लिहा. नावाचंही तसंच, मराठी लेखात बेळगाव हेच नाव चालू द्या, वाचक तेच म्हणतात, आणि २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे हे एकदा सांगून टाका. पोलंडमधल्या एका शहराचं जर्मन नाव डान्झिग लिहायचं का पोलिश नाव ग्दान्स्क, यावर इंग्रजी विकिपीडियावर असाच मोठा वाद झाला होता, २००५ मध्ये मतदान घेऊन ज्या काळाबद्दल लिहिताय त्या काळाचं नाव वापरायचं ठरलं.

आता शब्द. जास्त वेळ इथंच द्या. 'कर्नाटकव्याप्त', 'बळकावलेले', 'कानडी दडपशाही', 'सीमाबांधव', 'आपला मुलुख' हे सभेत ठीक, लेखात नकोत, तसंच 'भाषांध', 'फुटीर', 'मूठभर मराठी' हेही नकोत. हे मोठे शब्द सगळ्यांना दिसतात, पण बारके शब्द जास्त घात करतात. 'केवळ', 'आजही', 'तथाकथित', 'अखेर', 'उघडपणे' हे एकेक शब्द वाचकाला कुठल्या बाजूला बसायचं ते गुपचूप सांगतात. क्रियापदांकडंही बघा, महाराष्ट्र 'सांगतो' आणि कर्नाटक 'कांगावा करतं' असं चालणार नाही, दोघांनाही 'म्हणणे आहे', 'मांडले', 'फेटाळले' असे सारखेच शब्द द्या. 'काळा दिवस' हा शब्द गाळू नका, पण कुणाचा ते लिहा (महाराष्ट्र एकीकरण समिती म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून चळवळ करणारी संघटना): '१ नोव्हेंबर हा दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो, महाराष्ट्र एकीकरण समिती तो काळा दिवस म्हणून पाळते.' दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एका दमात वाचता येतं. हुतात्म्यांबद्दल लिहिताना माझंही मन भरून येतं, तरी लेखात '१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात झालेल्या गोळीबारात मृत्यू पावलेल्या आंदोलकांच्या स्मरणार्थ समिती हुतात्मा दिन पाळते' असंच लिहा. साध्या शब्दांनी त्यांचा मान कमी होत नाही आणि ही ओळ पुसायला कुणाला कारण मिळत नाही.

आकड्यांबद्दल एकच गोष्ट, आकडा कुठल्या हद्दीचा आहे ते त्याच वाक्यात पाहिजे. अख्खा बेळगाव जिल्हा घेतला तर कन्नड बोलणारे बहुसंख्य, खानापूर तालुका घेतला तर चित्र पालटतं, आणि दोन्ही बाजू आपल्याला सोयीचा आकडा उचलतात. हा वादाचा गाभाच आहे, राज्यांची पुनर्रचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगानं साधारणपणे जिल्हा हा घटक धरला आणि महाराष्ट्र आंध्र-मद्रास सीमा ठरवताना वापरलेल्या पाटसकर सूत्राप्रमाणे खेडं हा घटक धरा म्हणतो. म्हणून 'बहुसंख्य मराठी' असं मोघम न लिहिता कुठल्या सालच्या जनगणनेत, कुठल्या तालुक्यात ते लिहा. गावापुरता भाषेचा आकडा हातात नसेल तर अंदाज करू नका, ओळ सोडून द्या. हा सीमावाद सोडवायला केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचंही अर्धं सांगू नका. १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवा म्हटलं आणि २६४ गावं महाराष्ट्राला द्या असंही म्हटलं, कन्नडवाले पहिलं सांगतात, आपण दुसरं, आणि महाराष्ट्रानं तो अहवालच फेटाळला हे दोघंही शेवटी कुठंतरी टाकतात.

लिहून झालं की एक चाचणी करा. २०२२ मध्ये कर्नाटकानं सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या काही गावांचा विषय काढला होता. त्या गावांच्या लेखात कर्नाटकाचं म्हणणं कसं लिहिलेलं तुम्हाला चालेल? किती ओळी, कुठल्या शब्दांत, लेखाच्या सुरुवातीला का खाली? तेवढंच आणि तसंच आपलं म्हणणं येळ्ळूरच्या लेखात ठेवा. जतच्या लेखात खटकणारा शब्द इथं आला असेल तर तो काढा.

सेव्ह करताना 'बदलांचा आढावा' रिकामा सोडू नका, काय बदललं आणि का ते एका ओळीत लिहा. कुणी उलटवलं, म्हणजे तुमचा बदल रद्द करून जुना मजकूर परत आणला, तर लगेच परत उलटवत बसू नका, इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर ब्लॉक होऊ शकता. लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर जा, जुनं वाक्य आणि नवं वाक्य एकाखाली एक ठेवा, संदर्भ द्या, आणि 'तुम्ही कानडी आहात म्हणून' हे तर कधीच लिहू नका, समोरचा कदाचित टिळकवाडीत तुमच्या शेजारच्या गल्लीतच राहत असेल. संदर्भ देताना मराठी पेपरच्या जोडीला एखादा कन्नड किंवा इंग्रजी पेपर आणि शक्य तिथं मूळ कायदा किंवा अहवाल द्या, नुसत्या आपल्याच पेपरवर उभं असलेलं वाक्य फार दिवस टिकत नाही.

आणि कोर्टाबद्दलच्या ओळीत 'सध्या' किंवा 'अजूनही' लिहू नका, साल लिहा. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी सीमेबद्दल आपापले ठराव केले, असं सालासकट लिहिलेलं वाक्य दहा वर्षांनीही बरोबर राहतं, आणि निकाल लागला की पुढची ओळ कुठं जोडायची हे पुढच्याला लगेच कळतं.