पिस्तुलाचा नेम सुधारायचा असेल, तर रेंजवर जाण्याआधीची आणि रेंजवरची तयारी

नवशिक्याच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो, पिस्तूल कोणतं घ्यायचं. तो सध्या बाजूला ठेवा. सुरुवातीच्या काळात नेम बिघडतो तो हात, डोळा आणि ट्रिगरवरचं बोट यांच्यामुळे. यातली बरीचशी तयारी एकही छर्रा न उडवता होते. पुढचं सगळं १० मीटरवरचं एअर पिस्तूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. पॉइंट टू-टू (.२२ काडतुसाचं पिस्तूल, पुढे नुसतं ‘टू-टू’) वापरणाऱ्यांनाही ते थोड्या फरकाने लागू पडेल.

सगळ्यात आधी सुरक्षा, आणि ती पाठ असून भागत नाही, अंगवळणी पडलेली हवी. पिस्तूल रिकामं आहे असं कोणी कितीही खात्रीने सांगितलं, तरी हातात आल्यावर स्वतः उघडून बघायचं. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर, फ्रेमच्या कडेला सरळ. टेबलावर ठेवलेल्या पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवणारी रंगीत पट्टी) घातलेला असावा, आणि पुढे कोणी टार्गेट बदलायला गेलं असेल तर पिस्तुलाला हातही लावायचा नाही. रेंज ऑफिसरने ‘स्टॉप’ म्हटलं की धरलेला नेम कितीही छान बसलेला असो, तो सोडायचा.

बॅग आदल्या दिवशीच भरा: डोळ्यांसाठी चष्मा, कानांसाठी इअरमफ (टू-टू असेल तर ते लागतातच), ४.५ मिलिमीटरचे पेलेट म्हणजे छर्रे, एक वही, पेन, टॉवेल आणि साबण. पेलेट शिशाचे असतात, त्यामुळे सराव संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. बूट सपाट तळाचे आणि घोट्याच्या खाली राहणारे घ्या. स्पर्धेतही पिस्तुलासाठी घोटा झाकणारे बूट चालत नाहीत. बाहीचा शर्ट खांद्यात आवळत नाही ना, हे हात समोर उचलून बघा.

आपला मुख्य डोळा कोणता, हे घरीच ठरवा. दोन्ही तळहात समोर धरून मध्ये छोटी फट ठेवा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत तशीच राहते, तो मुख्य. उजव्या हाताचा माणूस डाव्या डोळ्याचा निघाला, तर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला सांगा. नेम धरताना दुसरा डोळा घट्ट मिटू नका. चेहरा आखडतो आणि उघड्या डोळ्यावरही ताण येतो. त्या डोळ्यापुढे पांढरट, अपारदर्शक पट्टी लावली की काम होतं.

पिस्तुलाचं वजन साधारण किलोभर असतं, आणि एका हाताने ते खांद्याच्या उंचीवर धरायचं असतं. लिटरभर पाण्याची बाटली घेऊन रोज थोडा वेळ हात सरळ धरायचा सराव करा. खांदा वर चढू द्यायचा नाही. कोपर सरळ आणि मनगट ताठ. नवख्याचं मनगट सैल राहतं. पोटरीपासून खांद्यापर्यंत सगळं शरीर उभं राहण्यात सामील असतं, पण थरथर शेवटी मनगटातच दिसते.

रेंजवर उभं राहिल्यावर पायांची जागा ठरवा. पाय खांद्याइतके लांब, टार्गेटकडे छाती नको, साधारण अंगाची बाजू, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. आता डोळे मिटा, हात वर घ्या, स्थिर होऊ द्या आणि मग डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे रोखलेलं दिसलं, तर हात उजवीकडे ओढू नका. मागचा पाय थोडा सरकवा आणि पुन्हा डोळे मिटून बघा. शरीर आपण होऊन जिथे थांबतं, तिथेच टार्गेट असलं पाहिजे. हातानं ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताना मूळ जागी परत जातो, आणि छर्राही तिकडेच जातो.

साईट, म्हणजे नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे आणि मागे बसवलेले भाग, नीट समजून घ्यायला जरा जास्त वेळ द्या. मागच्या साईटच्या खाचेत पुढची साईट अशी दिसली पाहिजे की दोन्हींची वरची कड एका रेषेत आणि दोन्ही बाजूंना सारखा उजेड. डोळ्याचा फोकस पुढच्या साईटवर. टार्गेटचा काळा गोल पुसट दिसेल, आणि तो तसाच दिसायला हवा. हिशोब बघा. दोन साईटमधलं अंतर साधारण ३३ सेंटीमीटर असेल आणि त्यांच्या जुळणीत १ मिलिमीटरची चूक झाली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३ सेंटीमीटर सरकतो. दहा गुणांचा गोल ११.५ मिलिमीटर व्यासाचा. म्हणजे दहा जाऊन सात हाती आला. उलट साईट जुळलेल्या असताना अख्खा हातच १ मिलिमीटर सरकला, तर टार्गेटवरही १ मिलिमीटरच फरक पडतो. म्हणून हात हलतो याची धास्ती घेऊ नका. हात कोणाचाच दगडासारखा थांबत नाही. काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्यात एक छोटा भाग निवडा, त्या भागात हात हलू द्या आणि साईटची जुळणी जपा.

मग ट्रिगर. नव्या नेमबाजाचे बहुतेक खराब शॉट इथे होतात. साईट नेमक्या जागी आल्यासारखी दिसते, ‘आत्ता!’ असं मनात येतं आणि बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. उजव्या हाताने मारणाऱ्याचा छर्रा मग खाली डावीकडे जातो. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर ठेवा आणि दाब सरळ मागे, हळूहळू वाढवत न्या. मूठ जेवढी घट्ट आहे तेवढीच राहिली पाहिजे. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम दाबाचा असतो, त्याला जोर लागत नाही. शॉट सुटल्यावरही हात तसाच धरून क्षणभर साईटकडे बघत राहा. श्वास घेत हात वर न्या, थोडा सोडा आणि तिथे थांबवा. सहा-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही, तर हात खाली घ्या. हे फार कमी जण करतात आणि ते करायला शिकलंच पाहिजे. स्पर्धेत ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, घाई कोणीच लावलेली नसते.

म्हणून सरावाची सुरुवात ड्रायने, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबून करा. बऱ्याच एअर पिस्तुलांमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते. टू-टूमध्ये मात्र रिकाम्या चेंबरवर पिन आपटून नुकसान होऊ शकतं, तिथे डमी (न उडणारं, नकली) काडतूस वापरा. समोर टार्गेट नको, कोरा पांढरा कागद लावा आणि ट्रिगर सुटताना पुढची साईट उडते का ते बघा. ती जागची हलेनाशी झाली की त्याच कोऱ्या कागदावर पेलेट मारा. गोलच नसल्यामुळे ‘आत्ता!’ हा मोह होत नाही. टू-टूवाल्यांनी मित्राकडून मॅगझिनमध्ये एखादं डमी मिसळून घ्यावं. डमी आली आणि नळी खाली डुचकली, तर आवाजाआधीच आपण दचकतो आहोत, हे लगेच कळतं.

शॉट कुठे लागला ते दाखवणारा मॉनिटर असेल तर सुरुवातीला त्याच्याकडे पाठ करा किंवा तो झाका. प्रत्येक शॉटनंतर आधी स्वतः सांगा, ‘जरा उजवीकडे’, ‘खाली’, मग बघा. अंदाज आणि भोक जुळू लागले, म्हणजे साईट खरंच दिसू लागली. वहीत गुण नकोत, अंदाज आणि एखादं वाक्य लिहा: मनगट थकलं, उजेड कमी होता, श्वास लांबला. दमल्यावर मारलेले शेवटचे शॉट चुकीची सवय पक्की करतात, तेव्हा तीस-चाळीस चांगले शॉट झाले की थांबलेलं बरं.

साईटचे स्क्रू फिरवायची घाई सगळ्यांनाच होते. एका-दोन शॉटवरून ते फिरवू नका. पाच-पाच शॉटचे निदान तीन ग्रुप (भोकांचे पुंजके) एकाच बाजूला, एकमेकांच्या जवळ पडले, तरच हात लावा. मागची साईट ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला भोक सरकतं. एका वेळी दोन-तीन क्लिक (स्क्रू फिरवताना ‘टक्’ करून पुढे जाणारे टप्पे) पुरेत. त्यानंतर पुन्हा पाच शॉट मारा आणि किती क्लिक कुठे दिल्या ते त्याच पानावर लिहून ठेवा.