वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर घरचे साधे अन्न

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की पहिली आवराआवर स्वयंपाकघरात करावी. फरसाण, बिस्किटे आणि शीतपेये यांची जागा मोडाची मटकी, ताक, पालेभाज्या, अंडी किंवा मासळी यांना द्यावी. शेवटचे सुमारे 2 आठवडे डॉक्टर बहुधा कमी उष्मांकाचा आणि भरपूर प्रथिनांचा आहार सांगतात; त्यामुळे यकृतातील चरबी घटून ते आकसते आणि शस्त्रक्रियेत जे लहान करायचे असते, त्या यकृताआडच्या जठरापर्यंत उपकरणे नेणे सोपे जाते.

शस्त्रक्रियेनंतर मात्र सकस अन्नही लगेच अख्खे चालत नाही. आधी पातळ, मग घोटलेले, मग मऊ अशा टप्प्यांनी साधारण 6 ते 8 आठवड्यांत नेहमीच्या जेवणाकडे वळता येते. घोटलेल्या टप्प्यात मुगाची डाळ गाळ शिजवून, रवीने घोटून गाळणीतून काढावी आणि फोडणीत मिरची घालू नये. वरच्या निवळ पाण्यात प्रथिने फारशी नसतात, म्हणून वरण दाटसर ठेवावे. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने लागतात आणि एवढ्याशा जठरात ती सुरुवातीला अन्नातून भरून निघणे कठीण असते. डॉक्टरांनी प्रथिनांची पावडर सांगितली, तर ‘फक्त नैसर्गिकच’ हा हट्ट धरू नये.

पुढे ताटातली उसळ, अंडे किंवा मासा आधी संपवावा, मग भाजी घ्यावी आणि जागा उरली तरच भाकरीचा चतकोर खावा. जेवताना पाणी पिऊ नये, नंतरही अर्धा तास थांबावे. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आहार कितीही चांगला असला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.