जुनी एमजीबी घेऊन कोकण किनारा करायचाय? मग आधी हे बघून घ्या

आमच्याकडे एमजीबी आहे, म्हणजे जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार, १९६६ ची, काकांची, उघड्या टपाची, आणि वर्षातले नऊ महिने ती चिपळूणजवळ आमच्या मांगरात लाकडाच्या भाऱ्यांशेजारी उभी असते. दर थंडीत कोणीतरी विचारतंच, ही घेऊन वेंगुर्ल्यापर्यंत जाता, रस्त्यात बंद नाही पडत? पडते की. पण ती चालून बंद पडत नाही, उभी राहून बंद पडते. रबर कडक होतं, टाकीत पाणी धरतं, खाऱ्या हवेने वायरींच्या टोकांवर हिरवा थर चढतो, उंदीर सीटच्या खाली बाळंतपणं करून जातात. म्हणून तयारी म्हणजे इंजिन खोलून बसणं नाही, रबर, पाणी आणि गंज ह्या तिघांच्या मागे लागणं. खालचं सगळं मी एमजीबीवर लिहितोय पण हेराल्ड, स्पिटफायर कुठलीही त्या जमान्यातली गाडी असेल तरी बरंचसं लागू पडतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म असेल तर तिची बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही, पण खालचं लोखंड आणि ब्रेकच्या पाइप गंजतातच, त्यामुळे हसू नका.

सुरुवात दोन महिने आधी करा. पार्ट बाहेरून मागवावे लागतात आणि कस्टममध्ये पार्सल अडकलं की तुमची सुट्टी वाया.

कागदांचं एक आधीच सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीला व्हीए सिरीजचा विंटेज नंबर मिळतो, आणि तो घेतला की गाडी रोज फिरवायला किंवा अशा ट्रिपला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला किंवा कामाला नेणं एवढंच. त्यामुळे फिरायचं असेल तर साध्या रजिस्ट्रेशनवर ठेवा, रिन्यूअलची तारीख बघा, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू ठेवा.

आता पेट्रोल. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि १९६६ साली हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल खेचतं, आणि कोकणातल्या हवेत ओल किती ते सांगायला नको, शिवाय जुन्या रबरी पाइप आतून सुजवतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सुटा करून पुढे पाठवतं. म्हणून टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, काचेच्या बरणीत थोडं घेऊन एक दिवस ठेवा, खाली पाण्याचा थर किंवा लाल गंज दिसला तर टाकी उतरवून धुऊन घ्या. टाकीपासून काबुरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा बदला, नवीन पाइपवर आर९ (इथेनॉलला टिकणारी जात) लिहिलेलं बघून घ्या, क्लिपसुद्धा नवीन. एक फिल्टर लावा आणि दोन डिकीत ठेवा, पहिला दीडशे किलोमीटरमध्येच चोंदेल, तो चोंदला म्हणून घाबरू नका. ई२० वर मिक्श्चर पातळ होतं (म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी गरम चालते, म्हणून एसयू कंपनीच्या काबुरेटरच्या जेटची नट एक-दोन फ्लॅट (फ्लॅट म्हणजे नटेची एक बाजू) खाली घ्या, दोन्ही काबुरेटरला सारखी, मग वीसेक किलोमीटर चालवून प्लग काढून बघा. प्लग बिस्किटासारखा तपकिरी पाहिजे. पांढरा दिसला तर अजून पातळ आहे. डॅशपॉटमधलं, म्हणजे काबुरेटरच्या डोक्यावरच्या नळीतलं तेल विसरू नका, ते संपलं की पिकअप देताना गाडी गचके खाते आणि आपण उगाच डेल्कोला (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला) दोष देत बसतो.

ह्या गाडीचा पेट्रोल पंप इलेक्ट्रिक, मागच्या चाकाच्या जवळ, आणि त्याचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटतात. इग्निशन ऑन केल्यावर टकटक ऐकू आली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी दाभोळच्या जेट्टीवर लाईनीत उभे असताना आमची गाडी गप्प झाली, मागे पंधरा गाड्या, हॉर्न सुरू, काका खाली वाकले आणि पान्याच्या दांड्याने पंपावर दोन टोले दिले, टकटक सुरू. लोकांना वाटलं मंत्र मारला. पण हा उपाय फेरीबोटीपुरता, निघायच्या आधी पॉइंट साफ करा नाहीतर पंप बदलाच.

गरम होणं हा दुसरा मोठा विषय. रेडिएटर वाल्याकडे उतरवून नेऊन आतून साफ करून घ्या, नुसतं वरून पाणी मारून काही होत नाही. सगळे होज पाइप हाताने दाबून बघा, दगडासारखा कडक किंवा भिजलेल्या पोळीसारखा लिबलिबीत, दोन्ही कंडम. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा, आणि काढून फेकू नका, काही मिस्त्री म्हणतात काढा मस्त थंड राहते, ते चूक आहे, मग इंजिन पाहिजे तेवढं गरमच होत नाही. फॅन इंजिनवरचा असल्यामुळे ट्रॅफिकमध्ये हळू फिरतो, हायवेवर शनिवारी सकाळी माणगावला अडकलात की काटा चढायला लागतो, तेव्हा हीटर पूर्ण चालू करायचा. हो, डिसेंबरात टप उघडं आणि पायाशी हीटर, घाम निघतो पण इंजिन वाचतं. मी तरी वेगळा इलेक्ट्रिक फॅन लावून घेतला, ओरिजिनलवाले नाक मुरडतात, मुरडू देत.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. ब्रेक ऑइल ओल धरतं, दोन वर्षं झाली असतील तर बाटलीभर नवीन घालून जुनं पूर्ण काढा. चारी चाकांच्या व्हील सिलिंडर, कॅलिपरला गळती बघा. आणि रबरी होज बदला, बाहेरून चांगल्या दिसल्या तरी बदला. आमची पुढची उजवी होज आतून सुजून बंद झाली होती, ब्रेक दाबला की ऑइल पुढे जायचं पण परत यायचं नाही, कुंभार्ली उतरताना जळका वास आला म्हणून थांबलो तर चाकाला हात लावता येईना. तेव्हापासून नियम, दर थांब्याला चारही चाकांच्या मध्यावर हात फिरवायचा, एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथे काहीतरी घोळ आहे.

टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. नक्षी कितीही छान असली तरी सहा-सात वर्षांच्या पुढच्या टायरवर माझा विश्वास नाही. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तारेवर पान्याने टिचकी मारा, आवाज सारखा यायला हवा, एखादी बद्द वाजली तर ती सैल. आत ट्यूब लागते हे पंक्चरवाल्याला आधीच सांगा, स्पेअर ट्यूब तुमची तुम्ही ठेवा.

इलेक्ट्रिकल. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस बॉडीला असतं, मिस्त्रीने सवयीने उलटी जोडली तर झालंच, म्हणून बॅटरीच्या झाकणावर पेंटने लिहून ठेवा. बॅटऱ्या सहा-सहा व्होल्टच्या दोन, सीटच्या मागे, तिथलं खालचं लोखंड पहिलं सडतं, टॉर्च मारून बघा. अशा गाडीत साधा मोबाइल चार्जर लावू नका, पॉवर बँक न्या. प्रत्येक अर्थिंगची जागा सोडून घासून, पेट्रोलियम जेली लावून परत घट्ट करा, निम्मे प्रॉब्लेम इथेच संपतात. डेल्कोतल्या पॉइंटचा गॅप १५ थाऊ, प्लगचा २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). सकाळी समुद्राकाठी दंवाने डेल्कोची कॅप आतून ओली होते आणि गाडी लागत नाही, सेल्फ मारत बसू नका, कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसा. डायनमोच्या जिवावर दिवे मंद, वळणावर म्हैस बसलेली दिसणार नाही, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

आता फेरीबोटी, कारण ह्या गाड्या जमिनीला चिकटून चालतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, किनाऱ्याने जायचं तर ह्या लागणारच. ओहोटीला जेट्टीचा उतार जास्त खालपर्यंत उतरावा लागतो आणि बोटीच्या फळीशी कोन होतो, तिथे सायलेन्सर घासतो. शक्यतो भरतीची वेळ बघून जा, फळीवर तिरपी चढवा, एक चाक आधी एक नंतर, बोटवाल्यांना आधी सांगितलं तर ते स्वतःच जागा करून देतात. खालच्या भागात शेवाळ असतं, तिथे थांबून परत उचलायला जाऊ नका, मागचं चाक जागेवर फिरतं. आणि फोटोसाठी पुळणीवर गाडी उतरवायची नाही, म्हणजे नाहीच.

हत्यारं इंचाची न्या, ७/१६, १/२, ९/१६. गावातल्या गॅरेजमध्ये मिलिमीटरचे पाने असतात आणि त्याने तुमचे नट गोल होतात. सोबत फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, एक वरचा एक खालचा होज, २०डब्ल्यू५० ऑइल, पाच लिटर पाणी, तार, इन्सुलेशन टेप. कंडेन्सर दोन घ्या, नवीन निघालेले कधीकधी दुकानातूनच मेलेले येतात. पेट्रोल दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण अशा मोठ्या गावी टाकी अर्धी असतानाच भरा.

हे सगळं झालं की लगेच निघू नका. आधी गावात वीस किलोमीटर, मग आमच्यासारखं गुहागरपर्यंत जाऊन-येऊन, मग भर दुपारी एक घाट चढून उतरा, आम्ही कुंभार्ली घेतो. जे काही सुटायचं ते इथेच सुटतं, घरापासून अंगणाएवढ्या अंतरावर. प्रत्येक फेरीनंतर खाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी कुठला डाग कुठे पडलाय बघा. इंग्रजी गाडी थोडं ऑइल टाकणारच, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोलचा डाग असेल तर मात्र थांबा.

रस्त्यात रोज संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुवा, जांभ्याची लाल धूळ आणि मीठ एकत्र चिकटतं, एअर फिल्टरही झटका. मुक्कामी माडाखाली गाडी लावू नका, कापडी टपावर नारळ पडला तर टपाचं आणि खाली झोपलेल्याचं काय होईल सांगायला नको. आंब्याखालीही नको, चिकाचे डाग रंगावरून जात नाहीत.

परत आलात की मांगरात लावताना टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा म्हणजे आत ओल धरायला जागा उरत नाही, हँडब्रेक ओढू नका, दमटपणाने लायनर ड्रमला चिकटतात, चाकाला दगड लावा. आणि सीटखाली डांबराच्या गोळ्या, उंदरांसाठी.