तक्रार केली नव्हती? तरी दावा करा: अमेरिकी सैन्यातला लैंगिक अत्याचार आणि व्हीएची भरपाई

अमेरिकी सैन्यात असताना लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला आणि त्याचा मनावरचा परिणाम आजही टिकून आहे, तर व्हीए, म्हणजे तिथलं माजी सैनिक खातं, दरमहा करमुक्त भरपाई देतं. अशा घटनांना तिथे सगळे एमएसटी, म्हणजे 'मिलिटरी सेक्शुअल ट्रॉमा' म्हणतात. हे दावे भरायला मी मदत करते, आणि बहुतेक बोलणं एकाच वाक्याने सुरू होतं: "तेव्हा तक्रारच केली नव्हती, आता काय मिळणार?" हे ज्याने तुमच्या डोक्यात भरवलं, त्याचा सल्ला इथेच सोडा. ज्याच्याकडे तक्रार न्यायची, तोच वरिष्ठ अत्याचार करणारा असला, तर तक्रार होणार कशी? नियम हे गृहीत धरूनच लिहिला आहे.

पात्रतेला तीन गोष्टी लागतात: आजचं निदान, सेवेत घडलेली घटना, आणि या दोन्हींना जोडणारं वैद्यकीय मत. तुम्ही पुरुष की स्त्री, गुन्हेगार सैनिक होता की नागरिक, घटना तळावर झाली की बाहेर, याने फरक पडत नाही. डिस्चार्ज, म्हणजे सैन्यातून मुक्ततेचा शेरा, 'ऑनरेबल' (सन्माननीय) नसेल तर स्वतःच न्यायाधीश होऊन माघार घेऊ नका, तो निर्णय व्हीएला करू द्या.

उपचार ही वेगळी बाब आहे. एमएसटीशी निगडित आजारांवर व्हीए मोफत उपचार करतं. त्याला पुरावा लागत नाही, दावा मंजूर असावा लागत नाही. दाव्यासाठी उपचार अडवून धरू नका.

पहिलं पाऊल आजच टाका: 'इंटेंट टू फाइल', म्हणजे दावा करणार असल्याची सूचना. फॉर्म २१-०९६६, पाच मिनिटांचं काम. एक वर्षाच्या आत पूर्ण दावा दिलात तर पैसे सहसा या तारखेपासून धरले जातात.

डीडी-२१४ (सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला) आणि सेवेतली वैद्यकीय फाइल मागवालच. पण सेवा-फाइलही मागवा, म्हणजे मूल्यमापनं, बदल्या, शिक्षा. लोक नेमकी हीच विसरतात, आणि अवघड टप्पा तिच्यावरच उभा असतो.

तो टप्पा म्हणजे घटनेचा पुरावा. मलाही इथेच सगळ्यात जास्त झगडावं लागलं. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, यासाठी ३८ सीएफआर ३.३०४(एफ)(५) हा केंद्रीय नियम सांगतो की सैन्याच्या नोंदींबाहेरचा पुरावाही चालतो. पोलीस, दवाखाना, समुपदेशन केंद्र, धर्मगुरू, खोलीतली सोबतीण, घरचे. गर्भधारणेची किंवा लैंगिक आजारांची चाचणी. आणि वागण्यातला बदल: बदलीची विनंती, कामात घसरण, दारू किंवा नशा, कारणाशिवाय घबराट वा नैराश्य, पैशांच्या व्यवहारात किंवा माणसांशी वागण्यात अचानक फरक. व्हीएची मंडळी यांना 'मार्कर' म्हणतात. या पर्यायी पुराव्याची माहिती आणि तो द्यायची संधी दिल्याशिवाय व्हीएला दावा फेटाळता येत नाही. २०१३ मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने 'ए.झेड. विरुद्ध शिन्सेकी' या प्रकरणात ठरवलं की तक्रार न झालेल्या अत्याचाराची सेवेच्या कागदांत नोंद नाही, हा तो घडला नसल्याचा पुरावा धरता येणार नाही.

मी फाइल कशी वाचते ते सांगते. घटनेच्या अलीकडचं आणि पलीकडचं मूल्यमापन टेबलावर शेजारी शेजारी ठेवते. समजा मार्चमध्ये शेरा आहे, 'पुढाकार घेते, बढतीस योग्य'. नोव्हेंबरमध्ये तीच मुलगी 'उशिरा येते, लक्ष नसतं'. मधल्या आठ महिन्यांत बदलीचा अर्ज, दोनदा पोटदुखीसाठी दवाखाना, एकदा दारूवरून समज. प्रत्येक कागद सुटा वाचला तर फालतू वाटतो. तारखेने लावले की तपासणाऱ्याला टाळता येत नाहीत. तारखांची ही यादी तुम्हीच करून द्या. शेकडो पानांतून तो ती शोधून काढेल या भरवशावर राहू नका.

'सगळं सविस्तर लिहा' या सल्ल्याचा मला राग येतो. घटनेच्या निवेदनाच्या फॉर्म २१-०७८१ वर अत्याचाराचं वर्णन चार ओळींत पुरतं: कुठे, साधारण केव्हा, कोण, काय. नेमका दिवस आठवत नसेल तर महिना किंवा ऋतू लिहा, अंदाजाने तारीख ठोकू नका. चुकीची तारीख पुढे तुमच्यावरच उलटते. जागा खर्च करा ती घटनेआधी तुम्ही कशा होतात आणि नंतर काय बदललं, यावर.

साक्षीदारांची निवेदनं फॉर्म २१-१०२१० वर घ्या. "ती फार चांगली मुलगी आहे" याला किंमत शून्य. "त्या उन्हाळ्यानंतर ती फोन घेईना, दिवाळीला आली तर दिवा लावूनच झोपायची" हे उपयोगाचं. मराठी घरांत आईला त्या काळात पाठवलेले मेसेज बरेचदा पडून असतात, तेही द्या, इंग्रजी भाषांतरासह. आईवडिलांना काहीच माहीत नसेल तर त्यांच्याकडून निवेदन घ्यायलाच हवं असं नाही. मैत्रीण चालते.

मग भरपाईचा मुख्य अर्ज, फॉर्म २१-५२६ईझेड भरा. मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटनांचे प्रतिनिधी हे फुकट करतात. पहिल्या दाव्यासाठी कुणी पैसे किंवा टक्केवारी मागितली तर उठून चालू लागा.

पुढे सी-अँड-पी, म्हणजे दाव्यासाठी व्हीएने ठरवलेली वैद्यकीय तपासणी. तपासणारी व्यक्ती स्त्री हवी की पुरुष, हे आधीच सांगता येतं. "कसं चाललंय?" याला सवयीने "बरं चाललंय" म्हणू नका. वाईट दिवस कसा जातो ते सांगा: झोप, नोकरी, घरातली भांडणं, गर्दीची भीती. भरपाईसाठी धरले जाणारे अपंगत्वाचे टक्के लक्षणांवरून ठरतात, पीटीएसडीला ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १००. वाढवूनही सांगू नका. बाजू समसमान असतील तर कौल तुमच्याकडे द्यायचा, असा कायदाच आहे.

नकार आला तर पत्र नीट वाचा. व्हीएच्याच महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं होतं की एमएसटीचे फेटाळलेले जवळपास निम्मे पीटीएसडी दावे नीट हाताळलेच नव्हते. नवा पुरावा हाती असेल तर 'सप्लिमेंटल क्लेम', म्हणजे पूरक दावा करा. पुरावा तोच आहे पण तो धड वाचला गेला नाही असं वाटत असेल तर 'हायर-लेव्हल रिव्ह्यू', म्हणजे वरिष्ठांकडून फेरतपासणी मागा, आणि त्यात नवा कागद जोडता येत नाही. दोन्हींसाठी नकाराच्या पत्रावरच्या तारखेपासून एक वर्ष धरा. नंतरही नव्या पुराव्यासह सप्लिमेंटल क्लेम करता येतो, पण पहिली तारीख सहसा हातची जाते.